झाकल्या पटाचा निवाडा

एकदा एक शिष्य मुके झालेले यंत्र काखेत घेऊन आपल्या वृद्ध गुरूंच्या दारी गेला. गुरूंना यंत्रातले काही कळत नाही हे त्याला पुरते ठाऊक होते. तरीही तो गेला, कारण जाण्यासारखे दुसरे दार उरले नव्हते.

दृष्टांतकथेतील गुरू बहुधा वृक्षाखाली बसलेला असतो आणि शिष्याची अडचण बहुधा मोक्षाची असते. या कथेतील गुरू एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या माडीवर बुद्धिबळ शिकवीत असत आणि शिष्याची अडचण संगणकातल्या एका फोल्डरची होती. एवढा भेद सोडला तर मांडणी जुनीच आहे. आधी गुरूंची एक न उलगडणारी कृती, मग तिचा अर्थ.

त्या माडीवर एक प्रघात होता. वाचनालय बंद होण्याची घंटा झाली आणि एखादा डाव अपुरा राहिला, तर पट मोडायचा नाही. सोंगट्या जिथल्या तिथे ठेवून त्यांवर स्वच्छ पंचा पांघरायचा. पुढच्या रविवारी सर्वांसमक्ष निवाडा व्हायचा की हा डाव कोणाचा. पण निवाडा करणाऱ्याने नुसता निकाल सांगून भागत नसे. ज्याच्या बाजूने निकाल जाई त्याच्या सोंगट्या निवाडा करणाऱ्याने स्वतः चालवायच्या, आणि समोरच्याला, 'पटले' असे त्याने आपल्या तोंडाने म्हणेपर्यंत, पटावर दाखवायचे. अशी पुष्कळ वर्षे गुरुजींनी निवाडे केले होते आणि एकाही निवाड्यावर कुणी बोट ठेवले नव्हते. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, घोडा आणि उंट बोटांनी चाचपून ओळखावे लागू लागले, तेव्हा त्यांनी हे काम शिष्याकडे सोपवले. शिष्याचे नाव श्रीरंग. त्याच्यापुढे आलेला हा पहिलाच झाकला पट होता.

पटावर समोरासमोर होते माणिकशेठ आणि कुमुदताई. माणिकशेठ भांड्यांचे व्यापारी. हसतमुख, सढळ हाताचे आणि हरणे मुळीच न आवडणारे. माडीवरचा संगणक, एक लॅपटॉप, तोही त्यांनीच दिलेला. कुमुदताई पेठेत शिवणवर्ग चालवीत. जिल्ह्याच्या सामन्यांसाठी गावाचा जो संघ जाई त्यात चौथ्या पटावर इतकी वर्षे शेठ बसत आले होते. यंदा ती जागा या एका डावावर ठरायची होती. ताई जिंकल्या तर जागा त्यांची. बरोबरी झाली तर, रिवाजाप्रमाणे, जो बसत आला आहे तोच बसणार. गावातून आजवर कोणी बाई त्या संघात गेली नव्हती. ही गोष्ट कुणी उच्चारली नाही, पण त्या संध्याकाळी पटाभोवती नेहमीपेक्षा जास्त माणसे उभी होती.

घंटा झाली तेव्हा पटावर पाचच सोंगट्या उरल्या होत्या. पांढरी बाजू ताईंची: राजा, वजीर आणि पटाच्या मध्यापर्यंत आलेले एक प्यादे. काळी बाजू शेठची: राजा आणि वजीर. प्यादे शेवटच्या ओळीत पोहोचले की त्याचाही वजीर होणार. म्हणून शेठ ते पुढे सरकूच देत नव्हते. आपल्या वजिराने या बाजूने शह, त्या बाजूने शह असा त्यांनी सपाटा लावला होता. प्रत्येक शहाला ताईंच्या राजाला जागा बदलावी लागे आणि प्यादे तिथेच उभे राही.

"ताई, तुमच्या शिवणात टाका संपत असेल," शेठ हसत म्हणाले, "माझे शह नाही संपत. जन्मभर देत राहीन."

"दोरा संपला की टाकाही संपतो, शेठ," ताई पटावरची नजर न काढता म्हणाल्या.

"मग दाखवा ना दोरा कुठे संपतो तो!"

"घंटा झाली म्हणून वाचलात."

सगळे हसले. शेठही हसले. मग शिपायाने पंचा आणला आणि दोघांनी दोन टोके धरून पट झाकला. जाताना शेठने श्रीरंगच्या खांद्यावर हात ठेवला. "बरोबरी आहे, श्रीरंगा. डोळे मिटून सांग. उगाच त्या संगणकाला दमवू नकोस, बिल मला येते."

शह संपतात की संपत नाहीत, एवढाच प्रश्न होता.

असे प्रश्न सोडवण्यासाठी बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरला अंतिम डावांचे तक्ते जोडता येतात. पटावर मोजक्या सोंगट्या उरल्या की पुढे काय काय घडू शकते याची संख्या प्रचंड असली तरी अमर्याद नसते. ते सारे आधीच मोजून फायलींमध्ये ठेवलेले असते. कोणतीही मांडणी विचारावी, तक्ता एकच शब्द सांगतो: जीत, हार किंवा बरोबरी. तिथे अंदाजाला जागा नाही. श्रीरंगने शहरातल्या मित्राकडून हे तक्ते हार्ड डिस्कवर मागवले होते आणि मोठ्या उत्साहाने संगणकात उतरवून घेतले होते. त्याने झाकल्या पटाची मांडणी यंत्राला दिली. यंत्राने 'पांढऱ्याची बाजू किंचित वरचढ' अशा अर्थाचा एक आकडा दाखवला. थोड्या वेळाने आकडा चढला, पुन्हा उतरला. तक्त्याचा तो एक शब्द काही उमटेना.

श्रीरंगने फोल्डरचा पत्ता तपासला. तो बरोबर होता. फोल्डरच्या नावातली मोकळी जागा काढून टाकली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडले, मग काढून टाकून नव्याने बसवले. एखादी फाइल अर्धवट उतरली असेल म्हणून सगळ्या मोठ्या फायली पुन्हा उतरवल्या. सॉफ्टवेअरच्या खिडकीत 'तक्ते सापडले' अशी ओळ रोज नेमाने येत होती. चूक म्हणून कुठेही काही लिहिलेले नव्हते. तक्रारही नाही आणि उत्तरही नाही, अशा अवस्थेत आठवडा सरत आला. शनिवारी दुपारी त्याने मनाशी ठरवून टाकले होते की वजिरांच्या डावात शह संपत नसतात, उद्या बरोबरी जाहीर करावी. वजिराने वजीर मारला गेला तरी काळा राजा प्याद्याच्या वाटेत उभा राहतो हे त्याला दिसत होते, आणि तेवढे त्याला पुरेसे वाटले होते. तरी मनाला कुठेतरी टोचत होते. म्हणून तो गुरुजींकडे गेला.

गुरुजी अंगणात बसले होते. रिठ्याच्या पाण्यात धुतलेल्या लाकडी सोंगट्या सुपात वाळत होत्या आणि ते एकेक सोंगटी उचलून तिला खोबरेल तेलाचे बोट लावीत होते.

"ये. हा उंट की प्यादे, सांग बघू. डोके एकसारखे झिजलेय दोघांचे."

"उंट आहे, गुरुजी."

"वाटलेच. काखेत काय आणलेस?"

श्रीरंगने लॅपटॉप उघडून ओट्यावर ठेवला आणि सारी हकिगत सांगितली. पत्ता, फोल्डर, हार्ड डिस्क, पुन्हा उतरवलेल्या फायली. गुरुजींना त्यातले थोडे कळले, बरेचसे कळले नाही. पण ऐकताना त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही. शेवटी श्रीरंग वैतागून म्हणाला, "काही म्हणून बाकी ठेवले नाही, गुरुजी. किरकोळ लहानसहान सोडले तर एकूण एक तक्ता आत घातलाय. तरी हे तोंड उघडत नाही."

गुरुजींचे तेलाचे बोट क्षणभर थांबले. मग त्यांनी हातातली सोंगटी सुपात ठेवली.

"मिटव ते. पट मांड. झाकलेला डाव जसा आहे तसा. तू पांढरा, मी काळा."

श्रीरंगला आशा वाटली. गुरुजी खेळून दाखवणार म्हणजे प्रश्न सुटलाच. त्याने पाच सोंगट्या मांडल्या. गुरुजींनी त्यांवरून एकदा बोटे फिरवून घेतली आणि शह दिला.

खेळ सुरू झाला. गुरुजी शह देत होते, श्रीरंग राजा हलवीत होता. थोड्या वेळाने श्रीरंगला एक संधी दिसली. त्याने शहाच्या आड आपला वजीर घातला, तोही असा की त्याच चालीने काळ्या राजालाच उलटा शह बसला. गुरुजींना वजीर मारावा लागला, श्रीरंगने राजाने त्यांचा वजीर मारला. दोन्ही वजीर पटाबाहेर गेले. गुरुजींनी राजा आणून प्याद्याची वाट अडवली, श्रीरंगने आपला राजा त्याच्यासमोर नेला. आता उरले होते दोन राजे आणि एक प्यादे.

"झाले," श्रीरंग म्हणाला. "ही बरोबरी. काळा राजा वाटेतच उभा आहे. म्हणजे या वाटेने जाण्यात अर्थ नाही."

गुरुजींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "असेल. पुढे मला काही येत नाही."

"काय येत नाही?"

"दोन राजे आणि एक प्यादे. याचे पुढे काय होते मला माहीत नाही. मागे घे. दुसरी वाट धर."

श्रीरंगने त्यांच्याकडे पाहिले. गुरुजी थट्टा करतात असे त्याला वाटले. पण चेहऱ्यावर थट्टेची रेषाही नव्हती. त्याने सोंगट्या मागे घेतल्या. या खेपेला गुरुजींनी एका शहाबरोबर प्याद्यावरही मारा धरला आणि प्यादे टिपले. पटावर वजिरासमोर वजीर उरला.

"हे तर नक्कीच बरोबरीचे," श्रीरंग म्हणाला.

"मला नाही ठाऊक. मागे घे."

तिसऱ्या खेपेस श्रीरंगचे प्यादे शेवटच्या ओळीत पोहोचले, त्याचा वजीर झाला, वजिराला वजीर भिडले, मारामारी झाली आणि पटावर काळा राजा एकटा राहिला. समोर पांढरा राजा आणि धडधाकट वजीर. श्रीरंगने सुटकेचा श्वास टाकला आणि गुरुजींनी पुन्हा हात मांडीवर ठेवले.

"एकटा राजा आणि समोर वजीर," ते शांतपणे म्हणाले. "याचे काय होते बाबा? मला येत नाही."

कथेत एखादी गोष्ट तीनदा घडते तेव्हा ती सांगणाऱ्याची सोय असते, असे आपण सहसा मानतो. इथे मात्र त्या डावातून खाली उतरणाऱ्या ठळक वाटाच तेवढ्या होत्या, आणि गुरुजी प्रत्येक वाटेच्या तोंडाशी थांबले होते.

ज्या माणसाने गावातल्या दोन पिढ्यांना एकट्या राजावर मात करायला शिकवले तो माणूस म्हणत होता, मला येत नाही. दृष्टी गेली तशी स्मृतीही चालली की काय? श्रीरंग पुढे सरकला आणि लहान मुलाशी बोलावे तशा हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, हे तुम्हीच शिकवता की. माडीवर येणाऱ्या मुलाला पहिल्या महिन्यात तुम्ही दुसरे काही हातात देत नाही. दोन राजे, एक प्यादे. मग राजा आणि वजीर. आठवतेय ना?"

"मला आठवतेय," गुरुजी म्हणाले. "तुला आठवते का?"

श्रीरंगला आठवण्यासारखे काही नव्हते. तो माडीवर आला तेव्हा शाळेत ढाल जिंकून आलेला होता. त्याला थेट मोठ्यांच्या पटावर बसवले गेले. पहिल्या महिन्याच्या त्या चटईवर तो कधी बसलाच नाही. पुढे तोच मुलांना शिकवू लागला तेव्हा ती चटई त्याने गुंडाळूनच ठेवली होती; सुरुवातीच्या चाली शिकवायच्या, मुले लवकर खेळायला लागतात, पालकांनाही बरे वाटते.

"मी तिन्ही वेळा कुठे थांबलो?" गुरुजींनी विचारले.

"जिथे सोंगट्या तीन-चारच उरल्या तिथे."

"आणि तुझे यंत्र कुठे थांबते?"

श्रीरंगने मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहिले. मग त्याच्या डोळ्यांपुढे ती हार्ड डिस्क आली. तिच्यातले ते अगदी छोटे फोल्डर, तीन आणि चार सोंगट्यांच्या तक्त्यांचे. ते फोल्डर त्याने हसून बाजूला सारले होते. जागेचा प्रश्न नव्हता. साऱ्या मोठ्या तक्त्यांपुढे ते चिमूटभर होते. एकटा राजा आणि वजीर, हे काय यंत्राला विचारायचे? बुद्धिबळाच्या शाळेत असले बालवर्गाचे सामान हवे कशाला, एवढाच त्याचा विचार होता.

"तुम्हाला कसे कळले, गुरुजी? तुम्हाला तर यातले..."

"मला यातले काय कळणार! तूच म्हणालास. किरकोळ लहानसहान सोडले तर सगळे घातलेय म्हणालास. मी म्हटले, हा काय काय सोडून आलाय ते बघावे." गुरुजींनी सुपातले एक प्यादे उचलले आणि तेलकट अंगठ्याने त्याचे डोके पुसले. "श्रीरंगा, मोठ्या डावाला स्वतःचे उत्तर नसते रे. त्याचे उत्तर त्याच्याहून धाकट्या डावाकडे ठेवायला दिलेले असते. धाकट्याचे त्याच्याहून धाकट्याकडे, आणि सगळ्यात शेवटचे, मात झालेल्या राजापाशी. तुझे यंत्र वाट धरून खाली येते, एक सोंगटी पडते, दार ठोठावते, तर घरात कोणी नाही. ते गपचूप परत जाते. बिघडलेले नाही ते. जे शेवटपर्यंत पाहिले नाही ते सांगायचे नाही, एवढी नीती त्याला कुणीतरी शिकवलेली दिसते. तू मात्र उद्या सांगून मोकळा होणार होतास. खरे ना?"

"बरोबरी म्हणणार होतो," श्रीरंग म्हणाला.

"पहिल्या खेपेला मी थांबलो तेव्हा दोन राजे आणि एक प्यादे होते. ते पुन्हा मांड. चाल कोणाची होती?"

श्रीरंगने मांडले. दोन राजे समोरासमोर, मध्ये एकच घर. पांढऱ्या राजाच्या पाठीशी प्यादे. राजाच्या शेजारच्या घरात राजाला जाता येत नाही, म्हणून असे दोन राजे एकमेकांना अडवून धरतात, आणि चाल ज्याची असेल त्याला बाजूला व्हावे लागते. तो पाहत राहिला. हळूहळू त्याचे कान तापले.

"काळ्याची," तो म्हणाला. "काळ्याला सरकावे लागते. तो एका बाजूला सरकला की पांढरा राजा दुसऱ्या बाजूने आत शिरतो आणि प्यादे पोहोचते. गुरुजी, ही जीत आहे. मी हिला बरोबरी म्हटले."

"वाटेत कोण उभे आहे एवढे पाहिलेस. पाळी कोणाची ते पाहिले नाहीस." गुरुजींनी प्यादे सुपात ठेवले. "जा आता. चहा घेऊन जा म्हटले असते, पण तुझे लक्ष नाही."

श्रीरंग माडीवर गेला. ते छोटे फोल्डर संगणकात उतरायला काहीच वेळ लागला नाही. त्याने फोल्डरचा पत्ता दिला, झाकल्या डावाची मांडणी विचारली, आणि आठवडाभर चढउतार करणारा आकडा नाहीसा झाला. तिथे एक शब्द उभा होता. पांढऱ्याची जीत.

म्हणजे शह संपत होते. पण रिवाज श्रीरंगला ठाऊक होता; निकाल सांगायचा नव्हता, दाखवायचा होता. उरलेली दुपार तो यंत्राशी खेळत बसला. प्रत्येक शहाला राजा कुठे गेला असता बुडतो आणि कुठे गेला असता तगतो, हे त्याने उत्तरातून काढून न घेता आधी स्वतः चाल ठरवून मग पडताळून पाहिले. पुष्कळदा चुकला. संध्याकाळी त्याला दोऱ्याचे टोक सापडले.

रविवारी सकाळी माडी भरली होती. गुरुजी काठी टेकत आले आणि भिंतीशी बसले. श्रीरंगने पंचा काढला आणि म्हणाला, "डाव पांढऱ्याचा. ताईंचा."

ताईंनी पदराचे टोक हातात घट्ट धरले. माणिकशेठ ताडकन म्हणाले, "कोण म्हणते? यंत्र? अरे, ते यंत्र मीच दिलेय! माझेच यंत्र माझ्यावर उलटले?"

"दुकानातले पातेले कधी कधी मालकालाच चटका देते, शेठ," मागून कुणीतरी म्हणाले. हशा पिकला.

"यंत्राचे नाव मी घेतले नाही," श्रीरंग म्हणाला. "बसा समोर. शह द्या. जन्मभर देणार होतात ना?"

शेठ बसले. शह देऊ लागले. श्रीरंगचा राजा एकेक घर सरकत चालला. आधी प्याद्याजवळून दूर गेला तेव्हा लोकांत कुजबुज झाली. मग तो वळसा घेऊन परत आला आणि पुढे सरकला. शेठच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू पातळ झाले. त्यांनी आणखी एक शह दिला. श्रीरंगने वजीर आड घातला, आणि तो वजीर घरात बसताक्षणी शेठच्याच राजाला शह बसला.

शेठने पटावर वाकून पाहिले. दुसरी कोणतीही चाल शह तोडत नव्हती. त्यांनी वजिराने वजीर मारला. श्रीरंगच्या राजाने तो वजीर मारला. शेठने राजा वाटेत आणून उभा केला, श्रीरंगने आपला राजा त्याच्यासमोर, एक घर सोडून, ठेवला.

"हां, आता बरोबरी!" शेठ म्हणाले. "मी वाटेत उभा आहे. हलवून दाखव मला."

श्रीरंग उठला. रिवाजात नव्हती अशी एकच गोष्ट त्याने त्या दिवशी केली.

"इथून पुढचे मला शिकवलेले नाही," तो म्हणाला. "ताईंना शिकवले आहे. परवानगी असेल तर त्यांनी चालवावे."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिले. गुरुजींनी मान हलवली. ताई पटाशी येऊन बसल्या. त्यांनी कोणत्याही सोंगटीला हात लावला नाही.

"शेठ," त्या म्हणाल्या, "मी काही करणार नाही. चाल तुमची आहे."

माणिकशेठचा हात राजाकडे गेला आणि हवेतच थांबला. पहिल्या महिन्यात याच माडीवर, त्या गुंडाळून ठेवलेल्या चटईवर, अर्ध्या विजारीत बसून त्यांनीही हा धडा गिरवलेला होता. राजा कोणत्याही बाजूला सरकवला तरी पुढे काय होणार हे त्यांची बोटे त्यांच्याआधी ओळखून बसली होती. त्यांनी तो उचलला, जरा तोलला आणि पटावर आडवा ठेवला.

"पटले," ते म्हणाले. मग खुर्ची मागे सारून उभे राहिले. "ताई, जिल्ह्याला गाडीची सोय लागेल. माझी घेऊन जा. पण चौथ्या पटावर हरून याल तर ऐकून घेणार नाही, सांगून ठेवतो."

"हरले तर शह देत बसेन," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रीरंगने गुंडाळलेली चटई उलगडली आणि नवी मुले तिच्यावर बसवली. गुरुजींना आणून मध्ये बसवले. प्रत्येकापुढे एक पट, दोन राजे, एक प्यादे. मुले कुरकुरली, एवढ्याशा सोंगट्यांत कसला खेळ? सगळ्यांना पट वाटून झाल्यावर एक पट उरला. श्रीरंग तो घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन मांडी घालून बसला.

आपल्याला अडलेला मोठा प्रश्न बहुधा एखाद्या धाकट्या दारापाशीच अडलेला असतो, आणि त्या दारापर्यंत मान लवल्याशिवाय जाता येत नाही.

गुरुजी काठी टेकत रांगेतून फिरत आले. श्रीरंगच्या पटाशी वाकले, दोन्ही राजांवरून बोटे फिरवून पाहिली. रांगेतला हा कोण मुलगा, हे त्यांनी विचारले नाही.

"हं," ते म्हणाले. "आधी सांग, चाल कोणाची?"